खळ दिलेली चड्डी

आमच्या घरात बायकांना पाळी येत नाही, कावळा शिवतो. सासूबाईंना शिवला, त्यांच्या सासूला शिवला, मी लग्न होऊन वरवट बकालला आले तेव्हा मलाही शिवला. इतक्या पिढ्यांना शिवून शिवून त्याच्या पंखांना घट्टे पडले असतील, पण त्याला पाहिलेली बाई अजून मला भेटायची आहे. शिवला की चार दिवस देवघर बंद, चूल बंद, आणि लोणच्याची बरणी अशी बंद, की आपण तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी आतली कैरी उठून परत झाडावर जाऊन बसेल.

मी संग्रामपूरला एका कचेरीत कारकून आहे. साहेबाला कावळ्याचं कारण सांगून दर महिन्याला रजा मिळत नाही. म्हणून लग्नानंतर सासूबाईंचा आणि माझा तह झाला: मी कचेरीत जायचं, पण घरात कशाला हात लावायचा नाही. या तहात कोणाचा फायदा होता ते मी सासूबाईंना कधी कळू दिलं नाही. दर महिन्याला चार दिवस गरम भाकर ताटात आयती येत असेल तर कोणती शहाणी बाई क्रांती करेल? नवरा तिकडे दुसरबीडला शाळेवर, पंधरवड्यातून घरी येणार. त्याच्या हातचा चहा प्यायला मिळायचा तो फक्त कावळ्याच्या कृपेनं.

पण मग वेळ माझ्या पोरीवर आली.

पोरगी नववीत. कबड्डी खेळते. तिची चढाई मी काय सांगू! ती रेषा ओलांडून आत शिरली की समोरच्या सात जणी पाठमोऱ्याच दिसतात. गेल्या साली तिनं एका पकडीतून अशी उसळी मारली की शाळेमागच्या बाभळीवरचे बगळे उडाले, ते म्हणे अजून जळगाव जामोदच्या तळ्यावरच आहेत. अशी पोरगी एके दिवशी सरावातून घरी आली ती सायकल हातात धरून, पायी पायी, कमरेला दप्तर मागून बांधलेलं. मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

झालं होतं ते एवढंच. शाळेला कोण्या दात्यानं खेळाचे कपडे दिले होते, आणि दाता पांढऱ्याचा शौकीन. पांढरा शर्ट, पांढरी हाफपँट. पोरीनं पॅड लावलं होतं, पण कबड्डीत माणूस चालत नाही, घसरतो, लोळतो, सात जणींच्या खाली दबतो. घामानं पॅडचा डिंक सुटला आणि पॅड सरकलं. पुढचं तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतर ती तारखा पाहायला लागली. जवळ आली की पोट दुखतं, डोकं दुखतं, सरावाला दांडी. अशातच तालुक्याचे सामने लागले, आणि तिच्या हिशेबानं ते नेमके त्याच दिवसांत येत होते. सरांनी सगळ्या मुलींना सांगून ठेवलं की ज्यांचा भरवसा नाही त्यांनी आताच सांगा, मी चढाईला दुसरी पोरगी तयार करतो. सर माणूस वाईट नाही. पण ‘भरवसा’ हा शब्द त्यांनी जमिनीकडे पाहून उच्चारला, आणि सगळ्या पोरींना तो कळला.

रात्रीच्या जेवणाला पोरगी म्हणाली, “मम्मी, मी नाव काढून घेतो. मले नाई खेळायचं.”

सासूबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, “बरं झालं. तसं बी त्या दिवसात मारुतीपुढून धावत जाशीन, तं मारुतीच पळून जाईन.”

मी हातातली भाकर खाली ठेवली. चार दिवस आयतं गिळायच्या लोभात इतकी वर्षं मी कावळ्याला घरात दाणे टाकत होते, आणि आता तो माझ्या पोरीच्या ताटात उतरला होता. मी म्हटलं, “नाव काढायचं नाही. तू खेळणार.” कसं, ते मलाही माहीत नव्हतं. पण आईनं आधी जाहीर करायचं असतं आणि मग उपाय शोधायचा असतो.

उपाय कचेरीतल्या एका बाईनं सांगितला. तिची बहीण पुण्याला असते, तिथल्या बायका म्हणे आता पाळीची चड्डी घालतात. पॅड नाही, काही नाही, चड्डीच पिऊन टाकते. मी म्हटलं, बाई, पुण्याचे लोक पाणीसुद्धा मोजून देतात, त्यांची चड्डी काय पिणार? पण मोबाईलवर मागवल्या. तीन. काळ्या रंगाच्या.

पार्सल आलं ते सासूबाईंच्या हातात पडलं. त्यांनी एक चड्डी दोन बोटांनी उचलली, उजेडाला धरली, मधला जाड भाग दाबून पाहिला.

“हे चड्डी व्हय का गोधडी?”

तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव गोधडी.

मी लगेच परीक्षा घेतली. थंड झालेला चहा कपभर आणला आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर त्या जाड भागावर ओतला. चहा आधी वर थबकला, इकडेतिकडे पाहिलं, आणि गेला. खाली बोट लावलं तर कोरडं. सासूबाईंनी स्वतः बोट लावून पाहिलं, आणि मग त्यांनी ते बोट असं पदराला पुसलं जणू लावलंच नव्हतं.

“चहा तं कोणी बी पेते,” त्या म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं. म्हणून पोरीच्या आधी मी स्वतः घालून पाहिली. आता इथे माझी भानगड सांगायला पाहिजे. माझं वय चाळिशीच्या पुढं, आणि मला दुसऱ्या दिवशी जी येते तिला पाळी म्हणत नाहीत, पूर्णेचा पूर म्हणतात. नदीकाठच्या गावांना दवंडी देऊन सावध करावं लागेल अशी. त्याच दिवशी अमडापूरला नात्यातलं लग्न होतं. मी म्हटलं, चला, गोधडीचा खरा इमानदारपणा आज दिसेल. एसटीत बसले. अर्धा रस्ता झाला, गोधडी शाबूत. अमडापूर आलं, शाबूत. अक्षता पडल्या, शाबूत. मी इतकी खूश झाले की नवरीच्या मावशीला, ओळख ना पाळख, कानात सगळं सांगून टाकलं. पण पंगतीत दुसऱ्यांदा वरण येईपर्यंत मला बसल्या जागी ओलं लागायला लागलं. उठले, हात धुवायच्या निमित्तानं आत गेले. डाग बाहेर आला नव्हता, पण गोधडीचं पोट भरलं होतं, आणखी घास घ्यायला तयार नव्हती. ती बदलली, पिशवीतली दुसरी घातली, आणि परतीची एसटी पकडली.

तेव्हा माझ्यासारख्या पूर आलेल्या बायकांना मी छातीवर हात ठेवून सांगते: ही चड्डी जादू नाही. जोराच्या दिवशी दुपारी बदलावी लागते, नाहीतर जोडीला पॅड घ्या. दिवसभर एकीवर निभेल असं कोणी सांगत असेल तर ते एक तर पुरुष असेल किंवा दुकानदार. पण बाकीच्या दिवसांना, आणि पोरीबाळींच्या बेताच्या पाळीला, ती चालते. सरकत नाही, कारण सरकायला तिच्यात वेगळं काही नाहीच. मांड्या सोलत नाही. उकिरड्यावर पॅड टाकायला पहाटे चोरासारखं जावं लागत नाही.

पोरीनं पुढच्या महिन्यात घातली आणि सरावाला गेली. परत आली ती सायकलवर बसून, तोंडानं घंटी वाजवत. त्या दिवशी तिनं म्हणे तीन जणींना एकदम ओढत रेषेपर्यंत आणलं. मी पाच सांगत फिरले.

भांडण लागलं ते धुण्यावरून. नाही, वाळवण्यावरून.

आमचं पाणी खारपाण पट्ट्यातलं. त्यात साबण टाकला तर साबणच घाबरतो, फेस करत नाही. गोधडी थंड पाण्यात चुबकायची, लाल पाणी जाईस्तोवर धुवायची, पिळायची नाही, हे मी शिकले. पण ती जाड, तिला ऊन लागतं. आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे बायकांच्या अशा कपड्यांनी ऊन पाहिलेलंच नाही. ते वाळायचे मोरीतल्या दोरीवर, त्यावर परकर, परकरावर टॉवेल. पूर्ण पडदानशीन. पोरीची गोधडी तिथे एक दिवस वाळली, दोन दिवस वाळली, आणि तिसऱ्या दिवशी अशी वास मारायला लागली की मांजरानं मोरीचा रस्ता सोडला.

मी ती पुन्हा धुतली, अंगणात नेली, आणि समोरच्या तारेवर भर उन्हात टाकली. टाकली म्हणजे झटकून, ताणून, दोन चिमटे लावून. शेजारी सासऱ्यांची धोतरं.

सासऱ्यांची सकाळची खुर्ची नेमकी त्या तारेसमोर. त्यांनी एकदा वर पाहिलं, खुर्ची उचलली, फिरवली, आणि त्या दिवसापासून पेपर भिंतीकडे तोंड करून वाचायला लागले. शेजारीण कुंपणापाशी येऊन गवार निवडत बसली. तिच्या घरी त्या दिवशी वांगी होती, हे मला पक्कं माहीत आहे.

सासूबाईंनी मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“अवं, अब्रू वाळत घालून राह्यली का तू?”

“चड्डी वाळत घालून राह्यली, आई. तुमच्या नातीची. धुतलेली.”

“मी पन्नास वर्षं या घरात राह्यली. माहा एक कपडा कोणाले दिसला नाई.”

“म्हणून तुम्हाले किती खाज सुटे, ते बी कोणाले दिसलं नाई.”

हे मी बोलायला नको होतं असं तुम्हाला वाटत असेल. मला अजूनही वाटत नाही. ओल्या कपड्यांनी मांड्यांना होणारे चट्टे या घरात तिन्ही पिढ्यांनी खाजवले, प्रत्येकीनं दाराला कडी लावून. सासूबाईंनी तांदळाचं सूप उचललं आणि पाखडत बसल्या. गोधडी तारेवर राहिली. मी रोज वाळत घालताना चिमटे मुद्दाम मोठ्यानं लावायची.

महिनाभरानं सामन्याचा दिवस उजाडला, आणि पोरीचा हिशेब चुकला नव्हता: पहाटेच तिला पाळी आली. ती शांत होती. आंघोळ करून कपाटाकडे गेली. मी चहा टाकत होते, म्हणजे मला त्या दिवशी चहाची परवानगी होती. आतून पोरीची हाक आली.

“मम्मी, हिले काय झालं?”

गेले. पोरीनं गोधडी जमिनीवर ठेवली होती आणि ती उभी होती. पोरगी नाही, गोधडी. स्वतःच्या पायांवर, म्हणजे पाय घालायच्या दोन भोकांवर, ताठ मानेनं उभी. दुसरी उचलली, तीही पापडासारखी. तिसरी वाजत होती. तिन्हींना इस्त्री केलेली, कडेला अशी धार की भाजी चिरावी. पोरीनं त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा घरंगळला आणि खाली पडला.

मी दारात पाहिलं. सासूबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं कौतुक ऐकायला आलेल्या बाईचा भाव होता.

“खळ देल्ली म्या,” त्या म्हणाल्या. “साबुदाण्याची. तुह्या सासऱ्याच्या धोतरासंगं. लोकाईले दिसाचीच हाय, तं मंग चुरगळलेली काऊन दिसावी? आपल्या घरचा कपडा हाय तो.”

मी काय सांगू तुम्हाला. ज्या बाईनं पन्नास वर्षांत असा कपडा कोणाला दिसू दिला नाही, तिनं त्या तिन्ही चड्ड्या हातानं धुतल्या होत्या, खळीत बुडवल्या होत्या, आणि इस्त्री फिरवली होती. भांडणाचं उत्तर तिनं असं दिलं होतं. आणि ते उत्तर असं होतं की आता त्या चड्ड्या कपभर चहा काय, दव पण पिणार नव्हत्या. साबुदाण्यानं त्यांचं तोंड शिवून टाकलं होतं.

पोरगी खाली बसली. “झालं,” ती म्हणाली. “दुसरी पोरगी खेळीन.”

सासूबाईंना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण तो क्षणभरच. मग त्यांनी पदर खोचला.

“गरम पाणी टाक,” मला म्हणाल्या. “खळ देता येते तं काढता बी येते.”

कोमट पाण्यात एक गोधडी बुडवली. सासूबाईंनी ती चोळली, पाणी बदललं, पुन्हा चोळली, पाणी दुधासारखं पांढरं यायचं थांबेस्तोवर. थेंब टाकून पाहिला, आत गेला. पण आता ती ओलीचिंब होती आणि सामना संग्रामपूरला, सकाळचाच. पिळायची नाही, म्हणून जाड टॉवेलात गुंडाळली आणि सासूबाई त्या टॉवेलावर उभ्या राहिल्या. भिंतीला हात टेकून, गहू तुडवावा तशा, देवाचं नाव घेत. सासरे खुर्ची सोडून बघायला आले आणि काही न विचारता परत गेले.

तरी ओली होतीच. मी स्कुटी काढली. पोरगी तेवढ्यापुरतं पॅड लावून मागे बसली. मी म्हटलं, जाऊ दे, जाता जाता वाऱ्यावर धरू. पोरगी म्हणाली, माझ्या हातात दप्तर आहे. आणि तेवढ्यात सासूबाई चपला घालून पोरीच्या मागे येऊन बसल्या. कावळा शिवलेल्या नातीला पोटाशी घट्ट धरून, पांढऱ्या केसांवरून पदर घेऊन.

“दे इकडे,” त्या म्हणाल्या.

आणि मग वरवट बकाल ते संग्रामपूर हा रस्ता त्या दिवशी ज्यांनी पाहिला, त्यांना मी आजही विचारते की याआधी असं काही पाहिलं होतं का. मी पुढे, पोरगी मध्ये, आणि मागे सासूबाई, दोन्ही हात वर, हातात गोधडी. ती वाऱ्यानं अशी फडफडत होती की मला वाटलं स्कुटी आता जमीन सोडते. कपाशीतल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बैल थांबले. एका मोटरसायकलवाल्यानं शेजारी गाडी आणली.

“आजी, कोणत्या पार्टीचा झेंडा व्हय?”

“तुह्या मायले इचार,” सासूबाई म्हणाल्या. “तिले माईत असन.”

मोटरसायकल मागे राहिली ती राहिलीच.

मैदानावर पोचलो तेव्हा गोधडी काठाला जरा ओलसर होती, मध्ये वाळली होती. पोरगी शाळेच्या संडासात जाऊन घालून आली. आणि पांढऱ्या हाफपँटीत मैदानात उतरली.

सामना मी पाहिलाच नाही. मी पाहिलं ते तिच्या मागे. ती वळली की माझा जीव वळायचा. ती पडली की मी उभी राहायचे. सासूबाई मात्र सामना पाहत होत्या आणि पंचाला नियम शिकवत होत्या. मध्यंतराला पोरगी धावत आली, आम्ही पाण्याच्या टाकीमागे गेलो, सासूबाईंनी पदर पसरून आडोसा धरला. मी पाहिलं. बाहेर थेंब नाही. पोरीला मी फक्त मान हलवून सांगितलं आणि ती निघून गेली.

उत्तरार्धात ती खेळली ते तिच्या सगळ्या दांड्यांची भरपाई होती. शेवटच्या चढाईत तिला पाच जणींनी धरलं, आणि ती त्या पाचही जणींना घेऊन रेषेकडे सरपटत राहिली, दम न सोडता, इतकी की काळ्या मातीत तिच्या अंगाचा चर पडला. बोटभर राहिलं. आम्ही हरलो. तेवढ्याशानं. मी खोटं सांगायची संधी सहसा सोडत नाही, पण इथं सोडते, कारण ती हसत उठली.

सर आले. पोरींच्या पाठी थोपटल्या. मग माझ्या पोरीकडे पाहिलं: पाठीपासून गुडघ्यापर्यंत काळी माती, पांढऱ्याचा मागमूस नाही.

“खेळलीस बरं,” सर म्हणाले. “पण कपडे पाहा. नवे कपडे होते. आता हे डाग कसे निघायचे?”

पोरीनं हाताचा मातीचा पंजा त्याच शर्टाला पुसला.

“सर, आम्हाले पांढरे कपडे नका देऊ,” ती म्हणाली. “सात जणी खेळतो, त्यात एकीले तरी पाळी असतेच. आज मले हाय.”

सरांनी जमिनीकडे पाहिलं. सवय होती त्यांना. पण जमिनीवर यावेळी काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, घरातली मोठी बाई म्हणून, नातीला आवरेल म्हणून.

“माह्याकडं काय पाहता मास्तर,” सासूबाई म्हणाल्या. “आयकू आलं ना पोरगी काय म्हणते ते?”

सरांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग पोरीकडेच पाहून विचारलं, “काळा आणू का निळा?”

आणि ज्या पोरी वर्षभर तारखा लपवत आणि पोटदुखीची कारणं देत खेळल्या होत्या, त्या सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. एक म्हणे काळा, काळ्यात काही दिसत नाही. दुसरी म्हणे काळ्यात ऊन लागते, गडद निळा आणा. मागची एक बारीकशी पोरगी, जिचा आवाज सरांनीही कधी ऐकला नव्हता, ती सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली आणि म्हणाली, कोणताही आणा सर, पण खिसा पाहिजे.